‘अलंकार ओळखा’ याच्या पुढचा प्रश्न

मा. संपादक,
स. न.

दहावीची परीक्षा जवळ आली की मराठीच्या तयार रसग्रहणांचा सुकाळ होतो. झेरॉक्सच्या दुकानांत त्यांचे गठ्ठे मिळतात आणि हल्ली तर ती मोबाइलवरून या शाळेतून त्या शाळेत फिरत असतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन परिच्छेद, प्रत्येकात ठरलेली वाक्ये आणि कवितेचे नाव घालण्यापुरती मोकळी जागा, असा त्यांचा साचा असतो. ‘कवीने अत्यंत समर्पक प्रतिमांची योजना केली आहे’ हे वाक्य मी उत्तरपत्रिकांमधून शेकडो वेळा वाचले असेल. कोणत्या प्रतिमा आणि त्या कशासाठी समर्पक, हे मात्र त्याच्या पुढच्या ओळीत क्वचितच सापडते. माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे मराठी शिकवून मी निवृत्त झाले. त्यांतली पहिली दहा-बारा वर्षे मी स्वतःही फळ्यावर अशीच रसग्रहणे उतरवून देत असे, त्यामुळे हे पत्र थोडेसे कबुलीजबाबासारखे वाटले तर तो दोष माझाच आहे.

अडचणीचे मूळ मला तासिकांच्या वाटणीत दिसते. व्याकरणाच्या तासाला अलंकार शिकवले जातात आणि कवितेच्या तासाला भावार्थ सांगितला जातो. या दोन तासांची गाठ पडतच नाही. मुलांना व्यतिरेकाची, म्हणजे तुलनेत मूळ वस्तू उपमानाहून सरस ठरवणाऱ्या अलंकाराची, व्याख्या तोंडपाठ असते आणि ‘अमृताहूनि गोड नाम तुझे देवा’ हे त्याचे उदाहरणही. पण नामदेवांनी नामाची तुलना करायला अमृतच का घेतले, साखर किंवा मध का घेतला नाही, असे विचारले की वर्ग गप्प होतो. कारण हा प्रश्न कोणत्या तासाचा, हेच त्यांना ठाऊक नसते. अमृत म्हणजे मरण टाळणारी वस्तू. ती मिळूनही देवांची धावपळ संपली नाही. मग नाम त्याहून गोड म्हणजे नेमके काय, इथपर्यंत आठवीतली मुलेसुद्धा सहज येतात, पण त्यांना तिथवर नेणारा प्रश्न कुणीतरी विचारावा लागतो. (अलंकार म्हणजेच काव्य हा समज आपल्या परंपरेतही सरसकट मान्य नव्हता. अकराव्या शतकात संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्याचे लक्षण सांगताना क्वचित अलंकार नसला तरी चालेल, अशी सवलत देऊन ठेवली आहे. ती आपल्या व्याकरणाच्या तासापर्यंत पोहोचलेली दिसत नाही.)

एका कवितेचा अनुभव जरा विस्ताराने सांगते. बालकवींची ‘औदुंबर’ ही अवघ्या आठ ओळींची कविता मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात नववीच्या वर्गात शिकवली होती. शीर्षक ऐकताच एका मुलीने विचारले, ‘‘बाई, हे आपलं कृष्णाकाठचं औदुंबर का?’’ ते गाव नव्हे, झाड, असे मी सांगितले, पण तिचा प्रश्न वाया गेला नाही. दत्ताच्या देवळामुळे औदुंबर म्हटले की या मुलांच्या मनात पाणी, पार आणि ध्यान लावून बसलेला बैरागी हे सारे एकदमच उभे राहते. पुण्या-मुंबईच्या मुलांना हे चित्र आधी समजावून द्यावे लागले असते.

मी कविता दोनदा मोठ्याने वाचली आणि अलंकाराचे नाव न काढता एवढेच विचारले, की या कवितेत माणसे किती आहेत. मुलांनी पुस्तकात शोधाशोध केली. ‘चार घरांचे गाव चिमुकले’ आहे, म्हणजे माणसे असणारच, असे एकजण म्हणाला. पण प्रत्यक्ष ओळींत एकही माणूस सापडेना. मग गर्दी कुणाची आहे? शेतमळ्यांची. चालतोय कोण? पायवाट, ती हिरव्या कुरणामधून काळ्या डोहाकडे ‘चालली’ आहे. आणि पाण्यात पाय सोडून बसलाय कोण? झाड. गर्दी करणे, चालणे, पाय टाकून बसणे ही सगळी माणसाची कामे कवीने माणसाकडून काढून घेऊन शेतांना, वाटेला आणि झाडाला वाटून टाकली आहेत आणि माणसाला मात्र कवितेत कुठेच ठेवलेले नाही, हे वर्गाच्या ध्यानात आले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘‘म्हणूनच ती वाचताना एकटं वाटतं.’’ त्यानंतर मी फळ्यावर ‘चेतनगुणोक्ती’ हे या अलंकाराचे नाव लिहिले. ते नाव त्या वर्गाला पुन्हा पाठ करावे लागले नाही.

पुढचा तास त्या ‘बसला’वरच गेला. औदुंबर दमून बसला आहे, रुसून बसला आहे, की ध्यान लावून बसला आहे? तिन्ही बाजूंना मुले होती. माझी अट एकच होती: जे म्हणाल त्याला कवितेतला शब्द दाखवा. दमला म्हणणाऱ्यांनी वाहता झरा आणि चालणारी वाट दाखवली. एवढ्या चालण्याच्या शेवटी कुणीतरी बसणारच, असे त्यांचे म्हणणे. ध्यानवाल्यांनी ‘गोड काळिमा’ पुढे केला: काळोख भीतीचा असता तर त्याला गोड म्हटले नसते. एका मुलीने सगळे रंग वहीत उतरवले होते. हिरवा, निळासावळा, पुन्हा हिरवा, मग पांढरा, परत हिरवा आणि शेवटी काळा. ‘‘बाई, रंग विझत जातात,’’ ती म्हणाली. रुसला म्हणणाऱ्यांना एकही शब्द दाखवता आला नाही आणि त्यांनी हसत हसत माघार घेतली. ती माघार मला फार मोलाची वाटली, कारण कवितेचे अर्थ अनेक असू शकतात पण वाटेल तो अर्थ चालत नाही, हा धडा मुलांनी माझ्या सांगण्यावाचून घेतला होता.

इथे एक धोका नोंदवायला हवा. बालकवी १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, रेल्वेच्या अपघातात गेले. कविपरिचयातला हा मजकूर मुले कवितेच्या आधी वाचतात आणि मग काळा डोह म्हणजे कवीला आधीच दिसलेला मृत्यू, असे ठोकून देतात. अलीकडच्या तयार रसग्रहणांतही हे वाक्य मी पाहिले आहे. कविपरिचय शेवटी वाचायला सांगणे हा त्यावरचा अगदी साधा उपाय आहे आणि तो मला उपयोगी पडला.

संतकाव्याच्या बाबतीत तर मुलांचे नुकसान अधिक होते, कारण तिथे भावार्थ आधीच ठरलेला असतो: भक्ताची तळमळ. संत नामदेवांचा ‘अग्निमाजि पडे बाळू । माता धावे कनवाळू’ हा अभंग घ्या. आगीत पडलेले बाळ आणि आई, जमिनीवर पडलेले पिल्लू आणि पक्षीण, भुकेले वासरू आणि गाय, वणव्यातले पाडस आणि हरिणी, आणि अखेरीस चातक आणि मेघ, असे दाखल्यामागून दाखले येतात. यादी पाठ करून मुले गुण मिळवतात. पण क्रियापदे पाहायला सांगा. आई धावते, पक्षीण झेपावते, गाय हंबरत धावते. हरिणी मात्र नुसती चिंता करते, कारण मध्ये वणवा आहे. चातकापाशी आल्यावर तर दिशाच उलटते. आधीच्या चारही चित्रांत मोठा जीव लहानाकडे निघालेला किंवा त्याच्यासाठी तळमळणारा आहे. शेवटच्या चित्रात लहान जीवच वर पाहून विनवतो आहे, आणि मेघ येईल की नाही हे अभंग सांगत नाही. धावून येण्याच्या खात्रीने सुरू झालेला अभंग विनवणीवर थांबतो. ‘भक्ताची तळमळ’ हे तीन पायऱ्या उतरल्यावर हाती लागणारे उत्तर आपण पहिल्याच पायरीवर मुलांच्या हातात ठेवतो.

याच अभंगावरून इथे उपमा (सरळ तुलना) मानायची की दृष्टांत (पटवून देण्यासाठी दिलेला दाखला), असा वाद माझ्या वर्गात झाला होता. पहिल्या आणि शेवटच्या दाखल्याला ‘तैसा’ जोडलेला आहे, मधल्यांना तो नाही, एवढे मुलांनी स्वतः शोधून काढले. परीक्षेच्या दृष्टीने कोणते उत्तर ‘बरोबर’, हे मला विचारण्यात आले तेव्हा मी उत्तर द्यायचे टाळले, हेही सांगून टाकते.

आशयाबाबतची दुसरी खोड म्हणजे तात्पर्य काढणे. लहानपणी इसापनीती ऐकताना ‘तात्पर्य काय?’ या प्रश्नाची जी सवय लागते ती दहावीपर्यंत सुटत नाही. मग ‘लहानपण देगा देवा’ म्हणजे नम्र राहावे, आणि १९१९ साली रंगभूमीवर आलेले ‘एकच प्याला’ म्हणजे दारू वाईट. दोन्ही उत्तरे चुकीची नाहीत, पण त्यासाठी तुकोबांची किंवा गडकऱ्यांची गरज नव्हती. ती कामे भिंतीवरच्या सुविचारानेही झाली असती. मुंगीला साखरेचा रवा मिळतो आणि ऐरावताला अंकुशाचा मार, या दोन ओळींत तुकोबांनी हत्तीला ‘रत्न’ म्हटले आहे. समुद्रमंथनातून निघालेले ते रत्न, इंद्राचे वाहन, आणि तरीही त्याच्या डोक्यावर टोचणी. त्या ‘रत्न’ शब्दातली खोच दाखवली की नम्रतेच्या उपदेशामागे मोठेपणाकडे पाहणारी एक मिश्कील नजरही आहे, हे मुलांना कळते. ‘एकच प्याला’च्या नायकाच्या, सुधाकराच्या बाबतीतही दारूच्या आधी त्याच्या स्वाभिमानाला बसलेला धक्का आहे आणि शीर्षकातला ‘एकच’ हा शब्द नाटकभर त्याला वाकुल्या दाखवत राहतो. आशय म्हणजे ही गुंतागुंत, आणि ती एका ओळीच्या संदेशात मावत नाही.

साठ मुलांचा वर्ग आणि पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका यांत हे सगळे बसायचे कसे, असे माझे सहकारी विचारत, आणि त्यांचे काही चुकत नसे. सगळ्या कविता अशा शिकवता येत नाहीत. मी वर्षाला तीन शिकवू शकले. बाकीच्या नेहमीच्या पद्धतीनेच उरकाव्या लागल्या. पण त्या तीन कवितांनंतर उरलेल्या वाचताना मुले आपणहून अडखळू लागली, हाही माझा अनुभव आहे. शिवाय अलंकाराची सुरुवात पुस्तकापासूनच करावी लागते असे नाही. ‘ऊन मी म्हणतंय’, ‘पावसानं दडी मारली’, ‘वारा पडला’ हे आमच्या भागातल्या शेतकऱ्याच्या घरातले रोजचे बोलणे आहे. नामदेवांच्या त्या अभंगातल्या गाईच्या ‘हुंबरत’ या शब्दाचा अर्थ मला वर्गात सांगावाच लागला नाही. ज्याच्या घरी गाय होती त्याने तो आवाज काढून दाखवला. चेतनगुणोक्ती आपण जन्मापासून बोलत आलो आहोत, हे कळल्यावर मुलांच्या मनातली अलंकारांची धास्ती निम्मी होते. इंग्रजी माध्यमातल्या किंवा घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांना ही वाट थोडी लांब पडते, पण बंद नसते. त्यांच्या घरच्या भाषेतही ऊन काहीतरी म्हणतच असते.

प्रश्नपत्रिकेत दोन बदल झाले तर वर्गातले शिकवणे आपोआप बदलेल, असे मला वाटते. रसग्रहणासाठी पाठ्यपुस्तकातल्या ओळी आल्या की पाठांतराला वाव मिळतो. त्यांच्या जोडीला पुस्तकाबाहेरच्या, सोप्या पण न पाहिलेल्या चार ओळींचा पर्याय द्यावा. आणि ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नाला एक शेपूट जोडावे: हा शब्द बदलून साधा शब्द ठेवला तर काय हरवेल, ते एका वाक्यात लिहा. ‘बसला’च्या जागी ‘वाढला’ ठेवून पाहा. झाड तेच राहील, पण पाण्यात सोडलेले पाय जातील. अलंकाराचे नाव चुकले आणि हे वाक्य बरोबर आले तर मी त्या मुलाला गुण देईन. परीक्षकांना असे वाक्य तपासणे नाव तपासण्याहून अवघड जाईल, हे मान्य. त्यासाठी गुणदानाच्या सूचनांमध्ये दोन-तीन वेगवेगळी स्वीकारार्ह उत्तरे छापावी लागतील.

संपादक महाशय, मराठी वृत्तपत्रे परीक्षेच्या दिवसांत सराव कृतिपत्रिका छापतात आणि खेड्यापाड्यांतली मुले त्या कापून वहीत चिकटवतात, हे मी स्वतः पाहिले आहे. आपण अशी मालिका चालवत असाल किंवा पुढे चालवणार असाल, तर तिच्यात आठवड्यातून एक दिवस एखाद्या जुन्या कवितेच्या चार ओळी आणि त्यांच्याखाली फक्त प्रश्न छापावेत. नमुना उत्तर देऊ नये. मुलांनी लिहून पाठवलेल्या उत्तरांतली दोन परस्परविरोधी उत्तरे पुढच्या आठवड्यात शेजारी-शेजारी छापता आली तर फारच उत्तम. पहिल्या आठवड्यासाठी ‘औदुंबर’ सुचवते, आणि प्रश्न तोच: या कवितेत माणसे किती आहेत?

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
जि. सांगली