मंत्रिमहोदय, उलव्याच्या टेकडीतला एक ढिगारा आम्हाला द्या

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक
यांस सप्रेम नमस्कार.

मी घाटकोपरला राहतो. मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून दिसतात. चाकं खाली सोडलेली, दिवे लावलेली, एकामागोमाग एक. गेली तीस वर्षं मी ती बघतो आहे आणि वहीत लिहून ठेवतो आहे. पहिली वही शंभरपानी होती, सध्या एकोणिसावी चालू आहे. तारीख, वेळ, कंपनी, विमानाचा प्रकार आणि अंगावर रंगवलेला नंबर. नंबर ‘व्हीटी’ने सुरू झाला की आपलं विमान. ही अक्षरं ब्रिटिशांच्या काळात मिळाली, ती अजून सुटलेली नाहीत. पुढे पगारातून कॅमेरा घेतला, मग लांबची लेन्स. घरच्यांनी एक वेड म्हणून सोडून दिलं आहे. इंग्रजीत याला स्पॉटिंग म्हणतात. मराठीत अजून शब्द झालेला नाही, त्यामुळे पोलिसांना समजावताना पंचाईत होते. हे पत्र त्या पंचाइतीचंच आहे.

दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त दुसऱ्या एका शहरात गेलो होतो. शहराचं नाव घेत नाही, महाराष्ट्रातलंच आहे आणि तिथला विमानतळ निव्वळ नागरी आहे. सकाळी मोकळा वेळ होता. विमानतळाच्या भिंतीपासून चांगल्या दोन-तीनशे पावलांवर, सार्वजनिक रस्त्यावर, चहाच्या टपरीशेजारी उभा राहिलो. तिसऱ्या विमानाला मोटरसायकलवरून दोन हवालदार आले.

“काय काढताय?”

“विमानाचा फोटो.”

“कशाला?”

साहेब, या ‘कशाला’चं उत्तर मला तीस वर्षांत सापडलेलं नाही. आवड आहे म्हटलं. त्यांनी लेन्सकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चौकीत चला म्हणाले. चौकीतले अधिकारी सभ्य होते, हे मुद्दाम सांगतो. चहाही मागवला. पेपरात देता का? नाही. यूट्यूबवर टाकता? नाही. कुणी पैसे देतं? नाही. पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर संशय कमी व्हायचा तर वाढलाच. फुकटात कोण उन्हात उभा राहील? आधार कार्ड, पॅन कार्ड, ऑफिसचं ओळखपत्र, सगळ्यांच्या झेरॉक्स झाल्या. माझी वही पानं उलटून बघितली गेली. त्यात नुसते नंबर आणि वेळा, म्हणजे हेरगिरीची वही जशी असावी असं कुणालाही वाटेल तशीच. हे मलाही तिथे बसल्यावर पहिल्यांदा जाणवलं आणि खरं सांगतो, घाम फुटला. तीन तासांनी कार्डावरचे सगळे फोटो पुसायला लावून, ‘पुन्हा असे करणार नाही’ असं लिहून घेऊन सोडलं. त्या कार्डावर आदल्या दिवशीच्या माझ्या भाचीच्या साखरपुड्याचेही फोटो होते. निघताना विचारलं, मी नक्की कोणता नियम मोडला? ते म्हणाले, “वरून आदेश आहेत.”

वर म्हणजे कुठे, याचा बराच विचार केला. शेवटी तुमच्याच खात्यापर्यंत येऊन पोचलो.

घरी येऊन नियम शोधला. एअरक्राफ्ट रूल्स, १९३७. त्यातला तेरावा नियम सांगतो की सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून लेखी परवानगीशिवाय फोटो काढायचा नाही. नियमात विमानतळ आहे आणि विमान आहे. भिंतीबाहेरचा रस्ता, त्यावरची टपरी आणि टपरीपाशी उभा असलेला मी, यांतलं काहीही मला त्यात दिसलं नाही. मी वकील नाही, चुकत असेन तर तसं लिहून कळवा. पण हवालदारालाही ते कुणीतरी लिहून कळवायला हवं, कारण आज त्याच्याकडे ‘वरून’ याखेरीज दुसरा आधार नाही. मला हटकलं याचा मला राग नाही. त्याला ते करावंच लागेल. हटकल्यानंतर काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, अडचण तिथे आहे.

मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा काय परिस्थिती होती ते आम्हीही पाहिलं. देशातले बत्तीस विमानतळ बंद होते. त्यानंतर हवाई दलाच्या आणि नौदलाच्या तळांवरून उडणाऱ्या विमानांच्या खिडक्या दहा हजार फुटांपर्यंत बंद ठेवायचे आदेश निघाले. त्यात तुमच्या पुण्याचं लोहगाव आलं, गोव्याचं दाबोळी आलं. त्यावर माझी तक्रार नाही. लोहगावला हवाई दलाची सुखोई लढाऊ विमानं उभी असतात, तिथे कॅमेरा बॅगेतच राहिला पाहिजे. आमच्यातलाच कुणी तिथे हौस करायला गेला तर पहिला मीच त्याला झापीन. (तुकोबांचं आजोळ ते. देहूहून वैकुंठाला गेलेल्या त्यांच्या विमानाची कुणी नोंद ठेवली नाही, ही माझी वैयक्तिक खंत.)

पण लष्करी तळाचा नियम नागरी विमानतळाबाहेरच्या गच्चीलाही लागू होतो, असं खालच्या पातळीवर सगळे धरून चालले आहेत. हे नवं नाही आणि आपल्याकडेच घडतं असंही नाही. २००१ साली ग्रीसमध्ये कलामाटाच्या हवाई तळावर बारा ब्रिटिश आणि दोन डच स्पॉटरना हेर म्हणून पकडलं. आठवडेच्या आठवडे तुरुंगात, मग शिक्षा, आणि वर्षभराने अपिलात सगळे निर्दोष. तो लष्करी तळ होता, तिथे जाणं शहाणपणाचं नव्हतं हे मान्य. २०१० साली दिल्लीत विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरलेल्या दोन ब्रिटिशांना अटक झाली. त्यांच्याकडे वैमानिकांचं बोलणं ऐकण्याचा स्कॅनर होता. तो आपल्याकडे विनापरवाना चालत नाही, चूक त्यांची होती. पण प्रकरण दंडावर मिटलं आणि तोवर दोन महिने गेले होते.

आता दुसरी बाजू बघा. १२ जून २०२५, अहमदाबाद. विमान उडालं, वर गेलं, वर राहिलं नाही आणि खाली आलं, हे जगाने कुणाच्या डोळ्यांनी पाहिलं? जवळच्या गच्चीवर मोबाईल धरून उभ्या असलेल्या, विमानांची आवड असलेल्या एका सतरा वर्षांच्या पोराच्या. २६० माणसं गेली त्या अपघातात. पोलिसांनी त्याचा साक्षीदार म्हणून जबाब घेतला, तो घ्यायलाच हवा होता. पण लगेच ‘पोराला अटक’ अशी आवई उठली आणि पोलिसांनाच ती खोटी म्हणून सांगावं लागलं. लोकांना ती आवई खरी वाटली, यात माझ्या तीन तासांचं सगळं सार आलं. विमानाचा व्हिडिओ काढणारा म्हणजे आत जाणारच.

तुम्ही तालमीतले आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. मातीत कोण काय डाव टाकतोय हे आखाड्याच्या कडेला रोज बसणाऱ्या म्हाताऱ्याला पंचाच्या आधी कळतं. आमचं तसंच आहे. रोज बघणाऱ्याला वेगळं काही घडलं की आधी खटकतं. भिंतीला पडलेलं भगदाड, धावपट्टीच्या रेषेत सोडलेला ड्रोन, रात्री उतरत्या विमानावर मारलेला लेझर. असलं काही दिसतं, पण कळवायचं कुणाला? फोन केला तर पहिला प्रश्न, तुम्ही तिथे काय करत होतात? लंडनच्या हीथ्रोला पोलिसांनी या बघ्यांनाच हाताशी धरलं आहे. नाव नोंदवा, ओळखपत्र घ्या, काही वावगं दिसलं तर या नंबरवर सांगा. आणि ज्याला खरंच घातपात करायचा आहे तो चौकडीचा शर्ट घालून, हातभर लेन्स लावून, टपरीवर चहा पीत चार तास उभा राहील का? कुठलं विमान कुठे आहे ते तर कुणाच्याही मोबाईलवर क्षणाक्षणाला दिसतं.

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे टेकडी.

म्युनिकच्या विमानतळाने प्रवासी नसलेल्यांसाठी एक टेकडी रचून ठेवली आहे. खाली जुनी विमानं मांडली आहेत, त्यात एक सुपर कॉन्स्टेलेशन. एअर इंडियानेही एके काळी उडवलेलं याच जातीचं विमान. नाममात्र पैसे द्यायचे, वर चढायचं, दिवसभर बघत बसायचं. मँचेस्टरला धावपट्टीलगत अशीच जागा आहे, तिथे आवाजापेक्षा वेगाने उडणारं कॉन्कॉर्ड ठेवलं आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळाने बघ्यांसाठी गच्ची बांधली. या देशांना सुरक्षेची काळजी नाही असं कुणी म्हणणार नाही. त्यांनी एवढंच केलं की बघणारा कुठे उभा राहील हे आधीच ठरवून टाकलं. मग जो तिथे नाही, त्याच्याकडे नीट बघता येतं.

आपल्याकडेही विमानतळांवर तिकीट काढून जायच्या गॅलऱ्या होत्या. वडिलांचं बोट धरून मी तिथे गेलो आहे. त्या बंद झाल्या, कारणं समजण्यासारखी होती. पण त्यांच्या जागी काहीच आलं नाही, म्हणून माणसं मुंबई विमानतळालगतच्या जरीमरीच्या गच्च्यांवर आणि हायवेच्या कठड्यांवर गेली.

नवी मुंबईच्या विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, दहा गावं उठवली. त्या गावांतल्या पोरांना आपल्या जुन्या शेतावरून उडणारं विमान भिंतीच्या फटीतून बघावं लागू नये, एवढं तरी आपण त्यांना देणं लागतो. टेकडी कापून निघालेल्या दगडातला एक ढिगारा कुंपणाबाहेर रचा. त्यावर चार बाकडी, एक शेड, विमानतळ राखणाऱ्या सीआयएसएफचा एक जवान आणि दहा रुपयांचं तिकीट. पुरंदरच्या नव्या विमानतळाचा आराखडा तर अजून कागदावर आहे. तिथल्या जमिनींचा प्रश्न फार मोठा आहे आणि तो आधी सुटो, पण कागदावर गच्ची काढायला आज काही लागत नाही.

तोवर एक काम करता येईल. एका पानाचं परिपत्रक काढा. नागरी विमानतळाबाहेर, सार्वजनिक जागेवरून, जमिनीवर उभं राहून काढलेला विमानाचा फोटो गुन्हा आहे की नाही? नसेल तर हटकणाऱ्याने ओळखपत्र बघून, नाव लिहून घेऊन सोडावं. गुन्हा असेल तर तसंही स्पष्ट लिहा. मी वही घरून भरीन.

आपला,
घाटकोपरचा एक विमानवेडा

ता. क. सोबत एक फोटो जोडतो आहे. २२ एप्रिल २०२४, व्हीटी-ईव्हीए, एअर इंडियाचं जुनं जम्बो. मुंबईतून कायमचं अमेरिकेला निघालं आणि उडाल्यावर वैमानिकाने एकदा डावा, एकदा उजवा पंख झुकवून निरोप घेतला. फोटोत डावा पंख खाली आहे. तुमच्या कार्यालयात लावायचा असेल तर मोठा करून पाठवतो, पैसे नकोत. गच्चीवरून काढलेला आहे.