दुबईच्या दुभाषी चाचांना अनावृत पत्र

आदरणीय चाचा,

सलाम आणि सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या धाकट्या चिरंजीवांचा फोन आला आणि तुम्ही दुबईचे बिऱ्हाड कायमचे मोडून बाणकोट खाडीकाठच्या घरी परतल्याचे कळले. तेव्हापासून हे पत्र मनात घोळत होते. पाकिटात घालून पाठवले असते, तर तुम्ही ते वाचून, घडी करून कपाटात ठेवले असते आणि घरातल्यांनाही दाखवले नसते. मला तर ते चार लोकांनी वाचायला हवे आहे. तुमचे नाव मात्र लिहीत नाही. ते तुम्हाला रुचणार नाही, एवढे मी तीन वर्षांत ओळखले आहे.

2012 ते 2015 या काळात मी दुबईत भारत सरकारच्या वतीने कामगारविषयक काम पाहत होतो. तिथल्या श्रम कायद्यात काय बदलते आहे, आपल्या माणसांवर त्याचा काय परिणाम होईल, यावर दिल्लीला सल्ला देणे हे माझे काम होते. त्याआधी दिल्लीत काही वर्षे हाच विषय हाताळला होता आणि 2011 च्या जूनमध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत सरकारी शिष्टमंडळाचा सल्लागार म्हणून बसलोही होतो. त्यामुळे आपल्याला विषय येतो, असा माझा पक्का समज होता. पहिल्याच आठवड्यात मी तुम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितले होते, की 1919 साली वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपले ना. म. जोशी गेले होते आणि तिथे दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास कामाचा करार झाला. तुम्ही विचारलेत, "आणि आपल्याला किती?" भारतासाठी त्या करारात वेगळे कलम होते, आठवड्याला साठ तासांचे. तसे मी सांगितल्यावर तुम्ही फायलीची दोरी सोडत म्हणालात, "मग बरोबर आहे साहेब. इथे कागदावर अठ्ठेचाळीस आहेत, साइटवर अजून साठच चालतात."

मला त्या वेळी हा टोमणा वाटला होता. कामगारांच्या तक्रारी ऐकण्याच्या खिडकीवर तुमच्या शेजारी पंधरा दिवस बसल्यावर कळले, की ती माहिती होती.

त्या पंधरा दिवसांतली एक गोष्ट आधी सांगतो, कारण बाकीचे सगळे तिच्यातूनच आले. समोर आलेला माणूस कितीही रडत असो, चिडलेला असो, तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "शेवटचा पगार कोणत्या तारखेला हातात पडला?" मला तो प्रश्न कोरडा वाटे. माणसाला आधी बसवावे, पाणी द्यावे, त्याची कहाणी ऐकून घ्यावी, असे माझे मत होते आणि ते मी तुम्हाला ऐकवलेही. तुम्ही वाद घातला नाहीत. संयुक्त अरब अमिरातीच्या 1980 च्या संघराज्य श्रम कायद्याची तुमच्याकडची जीर्ण प्रत काढून सहाव्या कलमावर बोट ठेवलेत. येणे रक्कम ज्या दिवशी देय झाली, तिथून एक वर्ष उलटले की तेव्हा दावा ऐकला जात नसे. आपली माणसे मालकाच्या शब्दावर थांबतात. "पुढच्या महिन्यात देतो" या वाक्यावर दहा-अकरा महिने सहज जातात. तारीख आधी विचारली, तर कहाणी ऐकायला आठवडा आहे की फक्त आजची दुपार आहे, ते समजते. पाणी तुम्ही देतच होता, तेही मी नंतर पाहिले. तुमच्या टेबलाखाली बाटल्यांचे खोके असे.

पुढे तुम्ही मला कागद वाचायला शिकवलेत. तिथला नोकरीचा करार दोन रकान्यांचा, डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे अरबी, आणि दोन्हींत फरक निघाला तर अरबी मजकूर खरा धरायचा, हे मला नियम म्हणून ठाऊक होते. पण मी वाचत असे डावीकडचा रकाना. तुम्ही करार हातात घेतलात, की पहिली नजर उजव्या रकान्यातल्या 'रातिब असासी'वर, म्हणजे मूळ पगारावर जाई. एकूण पगार हजार दिरहम असल्याचे कौतुकाने सांगणाऱ्या एका गवंड्याला तुम्ही कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडून दाखवला होता, तो मला आजही पाठ आहे. नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिली पाच वर्षे दरवर्षी एकवीस दिवसांच्या पगाराइतकी, पण पगार धरायचा तो मूळ. मूळ पगार हजार असता तर पाच वर्षांचे साडेतीन हजार दिरहम झाले असते. त्याच्या करारात मूळ चारशे आणि भत्ते सहाशे होते. म्हणजे हातात पडणार चौदाशे. गावी एजंटाने त्याच्याकडून ज्या कागदावर सही घेतली होती, त्यात ही फोड नव्हतीच. तो कागद निराळा आणि दुबईत उतरल्यावर पुढे केलेला निराळा.

दोन कराराच्या या खेळावर मी दिल्लीला सविस्तर टिपण पाठवले, आणि त्यातले प्रत्येक उदाहरण तुमच्या फायलींमधले होते. पुढे 1 जानेवारी 2016 पासून अमिरातीने नियम केला, की माणूस मायदेशी असतानाच त्याला ठरावीक नमुन्यातला नोकरीचा देकार (ऑफर) त्याच्या भाषेत दाखवायचा, त्यावर सही घ्यायची आणि नंतरचा करार त्याहून वेगळा असता कामा नये. भाषांत हिंदी, उर्दू, मल्याळम, तमिळ, बंगाली आल्या. आमच्या टिपणामुळे हे घडले असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण नियमाची बातमी वाचली तेव्हा मी बदली होऊन भारतात आलो होतो आणि डोळ्यांसमोर तो गवंडी आणि ते कॅलेंडर आले.

'मुखालसा' हा शब्दही तुमच्याकडूनच शिकलो. राजस्थानातला एक सुतार रजेवर जाण्यापूर्वी एका कागदावर अंगठा देऊन आला होता. रजेचा अर्ज आहे, असे फोरमनने त्याला सांगितले होते. तुम्ही कागद उजेडात धरलात आणि मला म्हणालात, "मुखालसा. आपला खलास शब्द आहे ना, त्याचाच भाऊ. सगळे येणे मिळाले, आता काही मागणे नाही, असे याने लिहून दिले आहे." मग त्या सुताराला तुम्ही बँकेतून त्या महिन्याचा उतारा आणायला पाठवलेत, कारण पैसे दिल्याचा कागद आहे पण पैसे आल्याची नोंद नाही, एवढे दाखवता आले तर अंगठ्याचे वजन कमी होते. त्याला सगळे मिळाले नाही. बरेचसे मिळाले.

2009 पासून तिथे पगार बँकेमार्फत किंवा मनी एक्स्चेंजमार्फतच द्यायची वेतन संरक्षण व्यवस्था सुरू झाली होती आणि तिचे कौतुक मी माझ्या पहिल्याच अहवालात केले होते. ती व्यवस्था चांगलीच आहे, हे माझे आजही मत आहे. परंतु सोनापूरला एका संध्याकाळी तुम्ही मला घेऊन गेलात. गिरगावात वाढलेल्या माणसाला सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सचे स्मशान. दुबईतले सोनापूर ही कामगारांच्या छावण्यांची वस्ती. बसमधून उतरणाऱ्या, कपड्यांवर सिमेंट वाळलेल्या माणसांच्या गर्दीतून वाट काढत आपण एका खोलीपाशी पोहोचलो. बारा जणांची खोली, दारात चपलांचा ढीग. तुम्ही दाराशीच थांबून मला डोळ्यांनी खूण केलीत. मुकादमाच्या खाटेशेजारच्या फळीवर पगाराची कार्डे रबर लावून ठेवली होती, पत्त्यांच्या जोडासारखी. पगार नियमाने पूर्ण जमा होत होता. तो काढून त्यातला हिस्सा रोखीने परत घेतला जात होता. मंत्रालयाच्या संगणकावर त्या कंपनीच्या नावापुढे काहीही आक्षेप नसणार, हे मला तिथे उभ्या उभ्या कळले. पुढचा अहवाल मी वेगळ्या रीतीने लिहिला.

जिनिव्हाचा उल्लेख वर केला, तो आणखी एका कारणासाठी. 16 जून 2011 रोजी तिथे घरकामगारांसाठीचा करार क्रमांक 189 संमत झाला, तेव्हा मी सभागृहात होतो. भारताने बाजूने मत दिले होते. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि आपण काहीतरी मोठे घडताना पाहिले, या भावनेने मी परतलो होतो. दुबईत रुजू झाल्यावर काही आठवड्यांनी आंध्रातली एक बाई खिडकीवर आली. सात महिन्यांचा पगार थकलेला, पासपोर्ट मालकिणीकडे. मी उत्साहाने श्रम मंत्रालयाला पत्राचा मसुदा करायला घेतला. तुम्ही हळूच म्हणालात, "साहेब, हे पत्र तिथे घेणार नाहीत." श्रम कायद्याच्या तिसऱ्या कलमाने घरकामगारांना त्या कायद्यातून बाहेरच ठेवले होते, त्यांचा कारभार गृह खात्याकडे होता. 2017 मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, पण तो पाच वर्षे पुढचा. तुम्ही तिच्या प्रायोजकाला, म्हणजे तिचा व्हिसा ज्याच्या नावावर होता त्या गृहस्थाला, फोन लावलात. पाऊण तास अरबीत बोलत होता, मध्ये दोनदा हसलातही. मला राग आला होता, की ही हसण्याची वेळ आहे का. तिसऱ्या दिवशी तो गृहस्थ पासपोर्ट आणि पाच महिन्यांचे पैसे घेऊन आला. उरलेले दोन महिने आपल्याला सोडावे लागले आणि तो निर्णय तुम्ही त्या बाईला तिच्या तेलुगूत, तुमच्या मोडक्यातोडक्या तेलुगूत, तीनदा समजावून तिच्याकडून घेतलात. माझ्याकडून नव्हे. करार 189 ला भारतानेही अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही, त्यामुळे दुसऱ्यांना नावे ठेवायला मी फारसा मोकळा नाही.

2012 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या, बेकायदा राहिलेल्यांना शिक्षेशिवाय मायदेशी जाऊ देणाऱ्या माफीच्या दोन महिन्यांविषयी लिहायला बसलो तर हे पत्र संपणार नाही. आउटपासचे, म्हणजे देश सोडायच्या परवान्याचे, अर्ज भरता भरता तुमच्या उजव्या मनगटाला पट्टा बांधावा लागला होता, एवढेच इथे नोंदवतो.

एक गोष्ट मात्र टाळता येत नाही. आपल्या सांगली जिल्ह्यातला एक तरुण मचाणावरून पडून गेला, तेव्हा घरी फोन करायचा होता. मराठी माणूस म्हणून ते काम माझे, असे मी गृहीत धरले आणि फोन उचलला. तुम्ही माझ्या हातातून तो काढून घेतलात. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याशी केलेले ते एकमेव उद्धट वर्तन. आधी गावच्या सरपंचांचा नंबर मिळवलात, त्यांना घरी माणसे घेऊन जायला सांगितलेत आणि अर्ध्या तासाने फोन लावलात. पोलिसांचे पत्र, मृत्यूचा दाखला, पासपोर्ट रद्द करणे, आपले ना हरकत पत्र, शव टिकवण्याचा दाखला, विमानाचे कार्गो, हे सगळे चार दिवसांत झाले. दरम्यान तुम्ही कंपनीच्या माणसाकडून थकीत पगार, ग्रॅच्युइटी आणि भरपाई यांचा हिशेब लेखी घेतलात. पेटी विमानात चढली की त्यांचा फोन लागत नाही, हे तुम्हाला माहीत होते. विम्याचे पैसे घरी पोहोचेपर्यंत पुढची दोन वर्षे त्या तरुणाच्या वडिलांशी फोनवर बोलत राहिलात तेही तुम्हीच. मला ते त्यांच्याकडूनच कळले.

आता कबुली. तीन वर्षांत मी दिल्लीला पाठवलेल्या अहवालांपैकी काहींची प्रशंसा झाली आणि त्यांतल्या सूचना बैठकांत चर्चेला आल्या. त्या अहवालांत 'स्थानिक चौकशीनुसार' असा शब्दप्रयोग पानोपानी आहे. ती चौकशी म्हणजे तुम्ही. पद्धत तशीच असते, या सबबीखाली मी तळटीपेतही तुमचा उल्लेख केला नाही, आणि निरोप समारंभात मला जी शाल मिळाली ती मी घेत असताना तुम्ही मागच्या रांगेत खुर्च्या लावत होता. त्याबद्दल मी तुमची क्षमा मागतो. आभारांच्या पत्रात ती मागायला इतकी वर्षे लागायला नको होती.

तुम्ही मला करून दिलेली दोनशेपानी वही माझ्याकडे आहे. डावीकडे अरबी शब्द, मधे देवनागरीत उच्चार, उजवीकडे तुमच्या वळणदार अक्षरातला मराठी अर्थ. 'मुस्तहक्कात' या शब्दापुढे तुम्ही 'येणे रक्कम' लिहून कंसात 'यात आपला हक्क बसला आहे' असे लिहिले आहे. माझ्यानंतर आलेल्या अधिकाऱ्याला मी तिची झेरॉक्स दिली होती आणि त्याने ती पुढच्याला दिली, असे ऐकतो. मूळ वही तुमची आहे. पावसाळा उलगडला की मी ती घेऊन खाडीपलीकडून तरीने येईन. शेवटची अकरा पाने कोरी आहेत आणि माझे काही शब्द अजून अडलेले आहेत. पेन घेऊन बसावे लागेल.

चाचींना माझा आदाब सांगावा.

आपला कृतज्ञ,
एकेकाळचा तुमचा 'साहेब'