स्वेन यांच्या कागदांची एकच सूची करा

प्रति,
मा. सचिव, नैसर्गिक व सांस्कृतिक संसाधन खाते,
उत्तर कॅरोलायना, रॅले

स. न. वि. वि.

डेव्हिड लाउरी स्वेन 1832 ते 1835 या काळात आपल्या राज्याचे गव्हर्नर होते आणि पुढे 1868 पर्यंत चॅपल हिलच्या विद्यापीठाचे अध्यक्ष. त्यांचे काही कागद आपल्या अभिलेखागारात आहेत, काही विद्यापीठाच्या सदर्न हिस्टॉरिकल कलेक्शनमध्ये. ते हलवू नयेत. मात्र दोन्हीकडच्या कागदांची एकत्र, पत्रवार सूची विद्यापीठाच्या संमतीने व्हावी, एवढीच आमची मागणी आहे.

‘खासगी’ आणि ‘सरकारी’ अशी वाटणी या कागदांना सोसत नाही. गव्हर्नरच्या पत्राची नक्कल लेटरबुकात, म्हणजे पाठवलेल्या पत्रांच्या वहीत, उतरवलेली असते, त्याला आलेलं उत्तर सुट्या कागदांत सापडतं आणि त्याच माणसाचं घरगुती पत्र कुटुंबाच्या गठ्ठ्यात. त्यात स्वेन स्वतःच जुने दस्तऐवज गोळा करणारे. 1844 मध्ये विद्यापीठात इतिहास मंडळ काढलं ते त्यांनीच.

जॉर्ज मोझेस हॉर्टनचं पत्र बघा. हा कवी गुलामगिरीत होता आणि विद्यार्थ्यांना प्रेमकविता रचून देऊन पैसे मिळवायचा. स्वातंत्र्य विकत घेण्यासाठी 175 डॉलरची मदत मागणारं पत्र त्याने न्यूयॉर्कचे संपादक होरेस ग्रीली यांना लिहिलं आणि पुढे धाडण्यासाठी स्वेन यांच्याकडे दिलं. ते गेलंच नाही, स्वेन यांच्या कागदांतच राहिलं. हे खासगी म्हणायचं की सरकारी? सूचीत ते हॉर्टन, ग्रीली आणि स्वेन या तिन्ही नावांखाली हवं, सोबत ‘पाठवलेलं नाही’ असा शेरा. नुसतं ‘आलेली पत्रं’ असं लिहिलं की स्वेन यांनी काय केलं, तेच झाकलं जातं.

नावांचा घोळ याहून मोठा. विल्सन हा गुलामगिरीत जन्मलेला माणूस. त्याची आई स्वेन यांच्या मालकीची, म्हणून तो विल्सन स्वेन. 1865 मध्ये गुलामगिरी संपल्यावर त्याने वडिलांचं आडनाव घेतलं आणि विल्सन कॉल्डवेल झाला. दोन्ही नावं एका नोंदीला जोडली नाहीत, तर 1865 च्या अलीकडचा आणि पलीकडचा माणूस वेगळा ठरतो. गुलामांची नावं मृत्युपत्रांत, पावत्यांत, पत्रांच्या शेवटच्या ओळींत येतात, तीही टिपावीत.

स्कॅन करताना पत्राची मागची बाजू कोरी समजून सोडू नये. लिफाफे रुळण्याआधी पत्राची घडी घालून तिच्यावरच पत्ता लिहीत. उत्तर कधी दिलं तेही बरेचदा तिथेच टिपलेलं असतं. लोहयुक्त शाईचे कागद पाण्यात भिजवून धुवू नयेत. विरघळलेला लोहाचा अंश शाईभोवती पसरतो आणि पुढे तिथला कागदही तपकिरी पडून ठिसूळ होतो. बॅरो पद्धतीने, म्हणजे कागद टिकावा म्हणून उष्णता व दाब देऊन, अॅसिटेटचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) थर चढवलेले कागद निघाले, तर आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा वास म्हणजे थर कुजू लागलाय. तो अॅसिटोनमध्ये सुटतो, पण काही शाया आणि शिक्केही त्यातच विरघळतात. म्हणून आधी स्कॅन, मग कोपऱ्यावर थेंबभर चाचणी, त्यानंतरच अॅसिटोन.

ताब्याचा प्रश्न उरतो. 1767 आणि 1768 चे दोन आरोपपत्रांचे कागद खासगी हातांत असूनही राज्याचेच, असा निकाल आपल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये दिला. निकाल योग्यच आहे, पण घरात जुनं पत्र असलेला माणूस त्यामुळे बिचकणारच. अशांचे फक्त स्कॅन घेऊन सूचीत नोंदवण्याची सोय असावी आणि मालकीचा दावा त्या नोंदीशी जोडला जाणार नाही, हे खात्याने लेखी द्यावं.

आपले,
जुन्या कागदपत्रांचं काम करणारे काही मराठी अभ्यासक