पान ६१ वरचा डॉक्टर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'सध्या काय वाचताय' असं तुम्ही रविवारच्या पुरवणीत विचारलं होतं, त्याची छापून आलेली उत्तरं वाचली. लोक फारच भारी वाचतात बुवा, आत्मचरित्रं काय, इतिहास काय, शेअर मार्केट काय. डिटेक्टिव्ह मात्र एकानेही सांगितलं नाही. वाचत नाहीत असं नाही हो, सांगत नाहीत. आमचे वडील बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार नि काळा पहाड उशीखाली ठेवायचे आणि आम्हाला म्हणायचे, अभ्यासाचं वाच काहीतरी! एका माणसाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्या घराघरात उशीखालीच राहिल्या.

मी सातपूरला कंपनीत आहे, सेकंड शिफ्ट, पाथर्डी फाट्यावरून बस, जाऊन येऊन तासभर मिळतो. यंदा ठरवलं की सुटी पुस्तकं नाही वाचायची, एकेक डिटेक्टिव्ह धरायचा आणि ओळीने संपवायचा. होम्सपासून सुरुवात केली, ५६ गोष्टी आणि ४ कादंबऱ्या. १८९३ मध्ये लेखकाने त्याला मारून टाकलं, वाचकांनी इतका दंगा केला की १९०३ मध्ये परत जिवंत करावा लागला, पण परत आलेला होम्स मला थोडा दमल्यासारखा वाटतो, हे माझं मत, भांडू नका. अगाथा ख्रिस्तीच्या पॉयरोचं तर गणितच जमत नाही, १९२० च्या पहिल्याच पुस्तकात गडी रिटायर्ड पोलीस आणि शेवटचं पुस्तक आलं १९७५ ला, म्हणजे वय शंभरच्या पुढे गेलं की! तो गेला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी दिली होती, संपादकसाहेब, हे जरा लक्षात घ्या.

सगळ्यात आवडला तो बंगालीतला ब्योमकेश बक्षी. १९९३ ला दूरदर्शनवर बघितला होता, वाचला आत्ता. तो स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवूनच घेत नाही, सत्यान्वेषी म्हणतो. एका खुनात ज्याच्यावर संशय असतो त्याच्याच बहिणीशी पुढे लग्न करतो, मग मूल होतं, घरखर्च येतो, बायको त्याला आणि त्याच्या गोष्टी लिहिणाऱ्या मित्राला, अजितला, दोघांनाही झापते. होम्सच्या घरात असलं काही नाही, तिथे नुसता पाइपचा धूर.

आता खरं कारण सांगतो. लायब्ररीतून एक जुनं अनुवादित पुस्तक आणलं, तर पान ४४ वर समासात पेन्सिलने 'वकीलच!!' आणि शेवटी निघाला वकीलच. असली तळपायाची आग मस्तकात गेली, काउंटरवर जाऊन सांगितलं तर ते म्हणाले, पेन्सिल आहे ना, खोडून टाका. पुढच्या आठवड्यात दुसरं पुस्तक, पुन्हा तेच अक्षर, शिरोरेषा न देणारा माणूस, पान ६१, 'डॉक्टर १००%'. म्हटलं झालं, हेही गेलं. पण वीस पानांनी डॉक्टरचाच खून झाला! आणि त्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात 'सॉरी'.

बसमध्ये एकटाच इतका हसलो की शेजारच्याने हेडफोन काढून बघितलं. म्हणजे हा माणूस फोडत नव्हता, पैज लावत होता, वाचता वाचता जिथे संशय आला तिथे लिहून मोकळा. तेव्हापासून मी कपाटात पुस्तकं शोधतच नाही, त्याचं अक्षर शोधतो. मागच्या चिठ्ठीवरचे शिक्के सगळे १९९८-९९ चे. आत्तापर्यंत सात सापडली, दोन बरोबर, पाच फसलेली.

मध्ये मुलीने जपानी हिगाशिनोचं २००५ चं ते गणिताच्या मास्तरांचं पुस्तक दिलं. त्यात खून सुरुवातीलाच आपल्यासमोर होतो, कोणी केला ते माहीत, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. तिथे पेन्सिलवाले काका काय लिहिणार होते? काका म्हणतोय खरा, बाईही असतील.

हल्ली त्यांच्या अंदाजाखाली मी माझा पण लिहितो, पेन्सिलनेच (लायब्ररीवाल्यांनी हे वाक्य सोडून द्यावं). ते नाशिकमध्ये असतील तर तुमचा पेपर येत असेल त्यांच्याकडे. त्यांना एवढंच विचारायचंय, त्या आगगाडीवाल्या पुस्तकात पान ११२ वर तुम्ही नाव न लिहिता नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय, ते म्हातारीवर आहे का तिच्या नोकरावर?

आपला,
एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक