हिच बसवून मिळतो, जुळवावा आपणच लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या ट्रेलर-प्रवासावरचा, म्हणजे गाडीमागे चाकांवरचं घर ओढत केलेल्या प्रवासावरचा लेख वाचला. लेखक दांपत्याचा उत्साह पाहून आनंद झाला, पण सोबतच्या फोटोवर माझी नजर अडकली ती अडकलीच. पिकअपचं नाक वर उचललेलं, मागचा भाग दबलेला, आणि ट्रेलरच्या मागच्या बंपरवर दोन सायकली. डीलरने तासाभरात वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (ट्रेलरचा भार सगळ्या चाकांवर वाटून देणारा जोड) आणि स्वे कंट्रोल (ट्रेलरचं डोलणं रोखणारी यंत्रणा) बसवून दिलं आणि आमची काळजी मिटली, असं लेखात म्हटलं आहे. ११ वर्षांपूर्वी आमचीही अगदी हीच समजूत होती, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी आणि माझा नवरा कोलोरॅडोत राहतो. आमच्याकडे २६ फुटी ट्रेलर आहे आणि तो ओढायला इथे हाफ-टन म्हणतात तसला, हलक्या वर्गातला पिकअप. गाडी बहुतेक वेळा मीच चालवते. पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही वायोमिंगमधून इंटरस्टेट ८० ने चाललो होतो. लॅरमी ते रॉलिन्स हा पट्टा वाऱ्यासाठी बदनाम आहे. वारा फार सुटला की हलक्या, उंच गाड्यांना तो रस्ता बंद करतात. त्या दिवशी बंद नव्हता. उतार होता आणि काटा ताशी ६८ मैलांवर. डावीकडून एक अठराचाकी ट्रक पुढे निघाला. त्याच्या पुढच्या वाऱ्याने ट्रेलरला आधी बाहेर ढकललं आणि तो पुढे सरकताच परत आत ओढलं. डाव्या आरशात मला ट्रेलरची अख्खी बाजू दिसली, मग उजव्या आरशात, मग पुन्हा डाव्या, दर वेळी आधीपेक्षा जास्त. पिकअपची मागची चाकं आपल्याखालून सरकताहेत हे सीटमधून कळत होतं.

माझा पाय ब्रेकवर गेला. तिथेच चुकलं. पिकअप मंदावला, ट्रेलर मागून रेटत राहिला आणि हेलकावे वाढले. नवऱ्याने डॅशबोर्डखालच्या ब्रेक कंट्रोलरचा हाताने दाबायचा खटका दाबून धरला, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागले, आणि मला ओरडून पाय उचलायला सांगितलं. चार-पाच हेलकाव्यांनंतर ट्रेलर सरळ झाला. आदल्या रात्री तो त्या कंट्रोलरचं मॅन्युअल चाळत बसला होता म्हणून हे त्याला माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्यांनी ट्रेलर विकला त्यांनी तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सामानातलं काहीही न हलवता आम्ही ट्रक-स्टॉपवरच्या वजनकाट्यावर गेलो. महामार्गांवर हे काटे जागोजागी असतात. ट्रकवाल्यांसाठी असले तरी आपल्यालाही जाता येतं. ट्रेलर भरला ६,९०० पौंड, आणि त्यातलं बॉलवर (पिकअपच्या मागचा, ट्रेलर ज्यावर टेकतो तो गोळा), म्हणजे पिकअपच्या माथी येणारं वजन निघालं फक्त ५१०. साडेसात टक्क्यांच्याही खाली. अशा ट्रेलरच्या भरलेल्या वजनाचा १० ते १५ टक्के भार बॉलवर असावा लागतो. तो कमी पडला की ट्रेलर डोलायला निमित्तच शोधत असतो. बैलगाडीच्या काळापासून मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: गाडी उलाळ होणं. मागे भार जास्त, पुढचं टोक हलकं. आमचा ट्रेलर उलाळ होता. मागच्या बंपरवर रॅकसकट १८० पौंडांच्या दोन विजेच्या सायकली. पाण्याची ४० गॅलनची टाकी काठोकाठ भरलेली, आणि ती आमच्या ट्रेलरमध्ये चाकांच्या मागे आहे. पाण्याचा एक गॅलन ८.३ पौंडांचा, म्हणजे टाकीच सव्वातीनशे पौंडांच्या वर गेली. जाहिरातीच्या पत्रकावर आमच्या ट्रेलरचं वजन ५,२०० लिहिलं आहे. ते पाणी नाही, भांडीकुंडी नाहीत, कपडे नाहीत, अशा रिकाम्या ट्रेलरचं. त्या आकड्यावर कुणीही काहीही ठरवू नये.

स्वे कंट्रोल होतं ना मग, असं कुणी विचारेल. होतं. पण बहुतेक स्वे कंट्रोल म्हणजे सांध्यावरचं घर्षण. वाऱ्याचा झोत, ट्रकचा धक्का यातून सुरू होणारी लहान डोल ते जागच्या जागी मारतं. चुकीचं भरलेलं सामान त्याने बरोबर होत नाही. उलट थोडे दिवस ते दुखणं झाकून ठेवतं, आणि एखाद्या उतारावर ते एकदम उघडं पडतं. मला याचीच जास्त भीती वाटते.

आता हिचबद्दल. ट्रेलरचा भार पिकअपच्या मागच्या आसाच्याही मागे, चार-साडेचार फुटांवर लटकतो. त्यामुळे मागचा आस टेकू बनतो आणि पुढची चाकं हलकी होतात. म्हणजे ज्या चाकांनी वळायचं आणि बराचसा ब्रेक ज्यांनी लावायचा, त्यांचीच पकड जाते. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे दोन स्प्रिंग बार ढकलगाडीच्या दांड्यांसारखे काम करतात. ते साखळीने ताणून ट्रेलरच्या चौकटीला अडकवले की मागच्या आसावरचा थोडा भार पुढच्या चाकांवर जातो आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर. एवढंच. पिकअपची ओढायची कमाल क्षमता त्याने एक पौंडानेही वाढत नाही. दारालगतच्या पिवळ्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून वजनाची जी मर्यादा छापलेली असते, तिच्यात बॉलवरचा भार आणि खुद्द हिचचं वजनही धरावं लागतं. शिवाय पिकअपच्या रिसीव्हरवरचं (हिच ज्या चौकोनी नळीत बसतो तिच्यावरचं) स्टिकर वाका आणि वाचा. त्यावर बहुधा दोन आकडे असतात, एक अशा हिचशिवायचा आणि एक हिचसकटचा, आणि त्यांत बराच फरक असू शकतो.

हा ताण किती द्यायचा, तेच जुळवणं. आम्ही घरी आल्यावर सायकली पिकअपच्या हौद्यात घेतल्या, टाकी रिकामी केली, डबाबंद सामान आणि अवजारं ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यात हलवली. मग एका शनिवारी सकाळी सपाट काँक्रीटवर ट्रेलर प्रवासाला निघतानाच्या तयारीत उभा केला, पिकअपची टाकीही भरून घेतली. पिकअपच्या पुढच्या चाकाच्या कमानीवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवला, म्हणजे दर वेळी मोजमाप त्याच जागेवरून होईल. मी मोजायची टेप धरून उकिडवी, नवरा वही घेऊन. ट्रेलर न जोडता जमिनीपासून सव्वाअडतीस इंच. ट्रेलर बॉलवर टेकवून, बार न लावता, सव्वाएकोणचाळीस. नाक पूर्ण इंचभर उचललेलं. मग डीलरने ठरवून दिलेल्या कडीवर बार लावून मोजलं, तर जेमतेम एक सूत खाली. हिच बोल्टांनी घट्ट बसवलेला होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण रिकाम्या ट्रेलरवर बसवलेला तो आमच्या भरलेल्या ट्रेलरसाठी काहीच करत नव्हता.

आमच्या पिकअपचं मॅन्युअल सांगतं की नाक जेवढं उचललं गेलं त्याच्या निम्मं खाली आलं पाहिजे, म्हणजे आमच्यासाठी पावणेएकोणचाळीस. तुमच्या गाडीचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर तेच खरं. ताण दोन ठिकाणी वाढवता येतो. साखळीची एक कडी वर घ्यायची, किंवा हिचच्या डोक्याच्या, म्हणजे बॉल आणि बार ज्यात बसतात त्या भागाच्या, सांध्यात वॉशर वाढवायचे. वॉशर वाढवले की डोकं ट्रेलरकडे जास्त कलतं, बारची टोकं खाली जातात आणि वर अडकवताना ताण वाढतो. आमच्या हिचच्या पुस्तिकेप्रमाणे बार आणि ट्रेलरच्या चौकटीवरचं ब्रॅकेट यांच्यात साखळीच्या निदान ५ कड्या राहायला हव्यात, नाहीतर वळणावर साखळी आखडते. म्हणून आम्ही कडी तशीच ठेवून दोन वॉशर घातले. त्यासाठी सगळं सुटं करून परत जोडावं लागलं. पावणेएकोणचाळीसवर काटेकोर यायला चार खेपा झाल्या आणि दुपार झाली. तीन माणसांचं काम दोघांनी केलं, पण तेवढा वेळ लागतोच.

बार अडकवताना एक गोष्ट जरूर करा. बॉलवर कपलरला (ट्रेलरच्या टोकावरच्या खोबणीला) कुलूप बसलं की ट्रेलरचाच जॅक फिरवून पिकअपचं मागचं अंग ट्रेलरसकट वर उचला. मग बार जवळजवळ हाताने वर जातो. मी कँपग्राउंडवर लोकांना लांब पाइप लावून, अंगाचा भार टाकून ब्रॅकेट वर ढकलताना पाहते आणि माझ्या पोटात गोळा येतो. तो पाइप उसळला तर हाड मोडेल.

नाक थेट सव्वाअडतीसवर आणायचा मोह आम्हाला झाला होता. दिसायला ते फार छान दिसतं. पण मॅन्युअलने निम्मं म्हटलेलं असताना त्याहून जास्त ताणलं, तर पिकअपची मागची चाकं गरजेपेक्षा हलकी होतात आणि ओल्या वळणावर तीच आधी घसरतात. ट्रेलर मागून रेटत असताना ते कुणालाच परवडणार नाही.

मग पुन्हा वजनकाटा, आणि तीन पावत्या. नुसता पिकअप: पुढचा आस ३,३०० पौंड, मागचा २,७००. ट्रेलर जोडून, बार न लावता: पुढे ३,०२०, मागे ३,७८०, ट्रेलरची चाकं ५,६००. बार लावून: पुढे ३,१६०, मागे ३,५६०, ट्रेलर ५,६८०. पहिल्या दोन पावत्यांमधल्या पिकअपच्या बेरजा वजा केल्या की बॉलवरचा भार कळतो: ८००, म्हणजे ६,४०० च्या साडेबारा टक्के. पुढच्या आसाचे गेलेले २८० पौंड, त्यातले १४० परत आले, अगदी निम्मे. टेपने जे सांगितलं तेच काट्याने सांगितलं. आणि मागच्या आसाची मर्यादा आमच्या पिकअपला ३,८०० आहे, म्हणजे बार नसते तर आम्ही त्या मर्यादेला फक्त २० पौंड कमी होतो. या पावत्या हातात आल्या तेव्हा मला पहिल्यांदा झोप लागेल असं वाटलं.

स्वे कंट्रोलचे प्रकार बरेच आहेत. काहींत घर्षण बारमध्येच असतं, काहींत बार खाचेत बसतात, एक महाग प्रकार वळण्याचा बिंदूच पुढे सरकवतो. ज्यांच्याकडे बाजूला लावायचा साधा फ्रिक्शन बार आहे त्यांनी ट्रेलर मागे घेण्याआधी तो काढावा. तीव्र कोनात मागे घेताना तो वाकतो. बॉलला ग्रीस लावावं, घर्षणाच्या पट्ट्यांना चुकूनही नाही. आणि वेग. ट्रेलरचे 'एसटी' (स्पेशल ट्रेलर) छापाचे टायर काही वेळा ताशी ६५ मैलांपुरतेच असतात, टायरवर नीट पाहा. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना ५५ ची मर्यादाच आहे. त्या दिवशीचे आमचे ६८ अक्षम्य होते. आता मी ६० वर असते, मागचे कितीही हॉर्न वाजवोत.

विकणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे. हिच बसवून दिल्यावर पुढच्या कमानीची तिन्ही मापं कागदावर लिहून ग्राहकाच्या हातात द्यावीत, आणि ट्रेलर भरल्यावर ती पुन्हा घ्यायची असतात हे तोंडाने सांगावं. डोल सुरू झाली तर पाय उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ट्रेलरचा खटका दाबायचा, हे किल्ली देण्याआधी एकदा गाडीत बसवून दाखवावं. पाच मिनिटांचं काम आहे.

लेखक दांपत्य पुढच्या महिन्यात माँटॅनाला निघणार आहे असं लेखाच्या शेवटी म्हटलंय. पत्र छापायला जागा नसेल तर निदान त्यांच्यापर्यंत ते पोचवावं, ही विनंती. त्या दोन सायकली आधी बंपरवरून उतरवा म्हणावं, आणि निघण्याआधीचा एक शनिवार मोकळा ठेवा.

आपली एक वाचक,
कोलोरॅडो, अमेरिका