मला नदीवर नेणाऱ्या काकूंना

ती. काकूंस,
सा. नमस्कार.

तुम्ही कायमच्या सांगलीला निघालात हे परवा ग्रुपवर कळलं. निरोपाच्या जेवणात मला चार शब्द बोलायला उभं केलं तर माझं काय होईल हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून लिहितेय. आणि उघड लिहितेय, कारण नवऱ्याच्या मागोमाग इथे मोंटानात, बोझमनला आलेल्या, व्हिसावर नोकरीची परवानगी नसलेल्या मुली अजून येतच आहेत. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

मी नवीन असताना, त्या गणपतीत आरती झाल्यावर प्रत्येकानं मला एकच विचारलं, "मग दिवसभर काय करतेस?" तुम्ही प्रसादाची वाटी हातात देत विचारलंत, "पायाचा नंबर किती गं तुझा?" मला वाटलं, जुन्या चपला देणार असाल. शनिवारी पहाटे साडेपाचला तुमची सुबारू दारात उभी, आणि मागच्या सीटवर तुमचे जुने वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायची छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार, रबरी तळव्याचे बूट आणि कापडी पिशवीत चार तुकड्यांचा रॉड.

गॅलॅटिन नदीशी पोचायच्या आधी तुम्ही दुकानापाशी गाडी थांबवलीत आणि मला परवाना काढायला लावलात. मोंटाना राज्याचा मासेमारीचा परवाना. काउंटरवरच्या माणसानं नाव विचारलं, उंची विचारली, डोळ्यांचा रंग विचारला. नवऱ्याचं नाव विचारलं नाही. काकू, या देशात आल्यापासूनच्या माझ्या प्रत्येक कागदावर मी कुणाची तरी 'डिपेंडंट' होते. हा पहिला कागद नुसता माझ्या नावाचा. तुम्ही हे मुद्दाम केलंत की नाही, मी कधी विचारलं नाही. बहुतेक नसावंच. तुम्हाला दंड भरायची चीड आहे, एवढंच.

मग पुलाच्या बाजूनं खाली उतरताना तुम्ही 1985च्या कायद्याची गोष्ट सांगितलीत. काठची जमीन कुणाच्याही मालकीची असो, सरकारी जागेतून किंवा पुलापासून पात्रात उतरलं की पाणी नेहमी जिथवर चढतं त्या खुणेच्या आत कुणालाही नदीत उभं राहता येतं, चालता येतं, मासे धरता येतात. "वरती कुंपण घालू देत खुशाल, पाण्यात आपला हक्क आहे," असं म्हणत तुम्ही सरळ मांडीभर पाण्यात शिरलात. मला आधी पोटावरचा पट्टा आवळायला लावलात. पाय घसरला तर वेडर्समध्ये पाणी भरतं आणि मग उठता येत नाही, हे सांगून झाल्यावर म्हणालात, "चल की आता."

कास्टिंग मला लवकर आलं नाही. फ्लाय फिशिंगमध्ये फेकायचं असतं ते लाइनचं वजन. टोकाचा फ्लाय म्हणजे हुकाला पीस आणि केस बांधून केलेला कीटक, त्याला वजन कुठलं? रॉड मागे नेला की लाइन मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे आणायचा. मी थांबतच नव्हते. दोरा डोक्यावर, टोपीवर, विलोच्या झुडपात. तुम्ही पुस्तकी काही सांगितलं नाहीत. "फोडणीत मोहरी तडतडायची वाट बघतेस ना? तेवढी थांब." तेवढी थांबले, आणि लाइन सरळ गेली.

पाणी वाचायला मात्र वर्षं लागली, अजून शिकतेय. मोठ्या दगडामागचं शांत पाणी, वेगवान आणि संथ धारांमधली शिवण, उन्हात न दिसणारी खोल कड. ट्राउटला कमी मेहनतीत जास्त खायला मिळेल तिथेच ती उभी असते, तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला करून. फ्लाय प्रवाहाच्या वेगानंच वाहिला पाहिजे. लाइननं जरा ओढला की मासा ढुंकून बघत नाही. सुट्टीवर आलेले लोक फ्लायच्या पेटीवर शेकडो डॉलर उडवतात आणि तुम्ही सगळा सप्टेंबर दोन प्रकारच्या फ्लायवर काढता, पाण्यावर तरंगायला पॅराशूट ॲडम्स आणि बुडवायला फेझंट टेल. मला तुमचंच पटतं.

पण आभार मानायचे आहेत ते मुख्यतः अस्वलांबद्दल.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या स्लू क्रीक या ओढ्यावर तुम्ही मला नेणार म्हटल्यावर माझ्या घरात दोन्ही बाजूंनी फोन सुरू झाले. नाशिकहून आई आणि लॅबमधून नवरा. ग्रिझली म्हणजे काय ते यूट्यूबवर सगळ्यांनी पाहिलेलं. तुम्ही मला आदल्या रविवारी तुमच्या ड्राइव्हवेत उभी केलीत, बेअर स्प्रेचा, म्हणजे अस्वलावर मारायच्या तिखट फवाऱ्याचा, सरावासाठी मिळणारा तिखट नसलेला डबा हातात दिलात आणि स्वतः अस्वल होऊन धावत आलात. सत्तरीला टेकलेल्या बाईला असं अंगावर येताना बघून मी हसत सुटले आणि सेफ्टी क्लिप निघालीच नाही. "मेलीस," तुम्ही म्हणालात. "पुन्हा." हात आपोआप कमरेशी जाईपर्यंत तुम्ही धावत राहिलात. डबा सॅकमध्ये नाही, पट्ट्यालाच हवा. मारा जेमतेम नऊ-दहा मीटर, आणि सात-आठ सेकंदांत डबा रिकामा होतो. म्हणून आधी वारा कुठला ते बघायचं. ग्रिझलीनं धरलंच तर पालथं पडायचं, हात मानेमागे, सॅक पाठीवर तशीच ठेवायची. काळं अस्वल भिडलं तर मात्र पडून राहायचं नाही, हातात येईल त्यानं मारायचं. आणि काळं अस्वल तपकिरीही असतं, म्हणून रंगावर जायचं नाही, खांद्यावरचा उंचवटा बघायचा.

ट्रेलवर तुम्ही सांगितलंत की खरा धोका वेगळाच आहे. अस्वलं नदीकाठानं चालतात, पाण्याच्या आवाजात त्यांना आपली चाहूल लागत नाही, आणि विलोच्या दाटीत दोघंही एकदम समोर येतात. त्यामुळे सतत आवाज करायचा. इथले लोक "हे बेअर" ओरडतात. तुम्ही एकोणतिसाचा पाढा सुरू केलात. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, अगदी चढ्या सुरात, टाळ्या वाजवत. समोरून येणारं एक जोडपं बाजूला उभं राहून आदरानं ऐकत होतं. त्यांना बहुधा स्तोत्र वाटलं असावं. माझा पाढा विसाच्या पुढे नव्हता, आता तिसापर्यंत आहे, अस्वलकृपेनं.

पहिल्या कुरणात पाणी काचेसारखं होतं आणि मला त्या दिवशी आयुष्यातली सगळ्यात मोठी कटथ्रोट, म्हणजे इथली मूळची ट्राउट, लागली होती. रॉड वाकलेला, रील करकरतंय. पलीकडच्या उतारावर सेजच्या झुडपांतून ग्रिझली बाहेर आली आणि जमीन उकरायला लागली. नियमातलं अंतर शंभर यार्डांचं, म्हणजे 91 मीटर. ती त्याहून बरीच लांब होती आणि तिनं वर पाहिलंही नव्हतं. तुम्ही माझ्याशेजारी आलात, गळ्यातल्या छोट्या कटरनं टिपेट, म्हणजे लाइनच्या टोकाचा बारीक दोरा, कापलात आणि म्हणालात, "लाइन गुंडाळ. निघायचं." मासा पाण्यात धडपडला की तो आवाज अस्वलाला जेवणाचं बोलावणं असतो, हे तुम्ही चालता चालता सांगितलंत. हुकाला उलटा काटा नव्हता, तो मासा लवकरच मोकळा झाला असणार, हेही. गाडीपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही पाढा म्हणत होतात.

त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये, थर्मासातला चहा ओतताना, तुम्ही मला त्या कुरणाचा हिशोब सांगितलात. 1975 साली यलोस्टोन परिसरात ग्रिझली जेमतेम 136 उरली असावीत, त्याच वर्षी त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं, आणि आता ती हजाराच्या आसपास आहेत. यलोस्टोन सरोवरात 1994 मध्ये लेक ट्राउट सापडली, कुणीतरी बाहेरून आणून सोडलेली. ती कटथ्रोट खाते. कटथ्रोट अंडी घालायला ओढ्यांत चढायची आणि अस्वलं तिथे तिला धरायची. लेक ट्राउट सरोवराच्या खोल पाण्यातच राहते, अस्वलाच्या हाती लागत नाही. कटथ्रोट घटली तशी ओढ्यांवरची ती मेजवानी आटली आणि तिथली अस्वलं एल्क हरणांच्या पिल्लांकडे जास्त वळली. "मासा तुझा नव्हता, तिचा होता," असलं काही तुम्ही म्हणाला नाहीत. "मारी देऊ का?" म्हणालात.

माझी आई अजून विचारते, "सोडूनच द्यायचा तर पकडायचा कशाला?" याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि तुम्हीही कधी गोड उत्तर दिलं नाहीत. माशाला त्रास होतो हे तुम्ही मान्य करता, म्हणून तो कमी करता. हात आधी ओले करायचे, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मासा पाण्यातच ठेवायचा, फोटोसाठी वर धरायचा नाही. दुपारी पाणी तापलं की रॉड मिटायचा, राज्यानं बंदी घालायची वाट बघायची नाही. कटथ्रोटच्या जबड्याखालची ती शेंदरी रेघ मी पहिल्यांदा पाहिली ती तुमच्या ओल्या तळव्यावर, मासा स्वतःहून शेपूट हलवून निघेपर्यंत तुम्ही त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरला होता.

आणि रेनबो ट्राउटच्या बाबतीत तुमच्यात जराही दयामाया नाही! लामार नदीच्या वरच्या खोऱ्यात रेनबो परकी, कटथ्रोटशी संकर करून तिला बुडवणारी. तिथे ती सोडायची नाही, मारायची, असाच नियम आहे. डोक्यावर एक टोला, आतडी खोल पाण्यात, माशाच्या पोटातला हवेचा फुगा फोडून, म्हणजे तरंगणार नाहीत. आणि रात्री तुमच्या स्वयंपाकघरात हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावून रव्यात घोळवलेली. नदीचा मासा आमच्या नाशकातही खातात, पण ती चव मला तुमच्याच घरची आठवेल.

नंतर माझा कामाचा परवाना आला, नोकरी लागली, आता "दिवसभर काय करतेस" कुणी विचारत नाही. पण मी इथे राहू शकले ती त्याच्या आधीच. एकटी गाडी काढून, पट्ट्याला डबा अडकवून, नदीत उतरता येतं हे कळल्यावर.

तुमचा फ्लाय बांधताना हुक धरायचा शिकंजा, व्हाइस, आणि पिसांची पेटी पोचली. अर्धे हुक गंजलेत, ते काढून टाकते. बेअर स्प्रेची मुदत मार्चमध्ये संपतेय, नवा घेते, ओरडू नका. मागच्या महिन्यात आलेल्या त्या पुण्याच्या मुलीच्या पायाचा नंबर साडेसहा आहे, तुमचे बूट तिला होतील. मोजे दोन घालायला सांगितलेत.

सांगलीला पोचलात की फोन करा. पहाटे केलात तरी चालेल, मी उठलेली असेन.

तुमची,
गॅलॅटिनवरची विद्यार्थिनी