व्हॅम्पायर म्हणजे वेताळ नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमावास्या जवळ आली की ‘व्हॅम्पायर म्हणजे मूळचा आपला वेताळच’ असा मजकूर छापून येतो, मोबाइलवर फिरतो. तो चुकीचा आहे. वेताळ दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो. वेताळपंचविशीत तो राजाला कोडी घालतो आणि शेवटी कपटी जोग्यापासून त्याचा जीव वाचवतो. १८७० मध्ये रिचर्ड बर्टन या इंग्रज लेखकाने या कथा इंग्रजीत नेताना शीर्षकातच ‘व्हॅम्पायर’ शब्द घातला, त्याने घोटाळा वाढला. ज्या वेताळाच्या नावाने कोल्हापुरात तालीम चालते, त्याच्या माथी रक्तपिपासूपणा मारणे बरे नव्हे.

व्हॅम्पायर हा स्वतःच्याच थडग्यातून उठणारा मृत. त्याचा सरकारी कागद सर्बियात सापडतो. १७१८ च्या तहाने हा मुलूख ऑस्ट्रियाकडे गेला आणि गावकऱ्यांची जुनी समजूत अधिकाऱ्यांच्या दप्तरात उतरली. १७२५ मध्ये किसिलोवा गावात आठ दिवसांत नऊ माणसे दगावली. दहा आठवड्यांपूर्वी पुरलेला पेतार ब्लागोयेविच रात्री येऊन गळा दाबतो, असे मरणाऱ्यांनी सांगितले. बेलग्रेडहून परवानगी येईपर्यंत थांबा, असे फ्रोम्बाल्ड हा अधिकारी म्हणाला. गावकऱ्यांनी गाव सोडण्याची धमकी दिली. अखेर थडगे उकरले. दुर्गंधी नाही, दाढी-नखे वाढलेली, जुनी कातडी सोलून खाली नवी, तोंडात ताजे रक्त. छातीत टोकदार खुंट ठोकून देह जाळला.

फ्रोम्बाल्डने पाहिले ते बहुतेक खरेच असावे. अर्थ मात्र चुकला. न्यायवैद्यकातील ढोबळ नियम असा, की उघड्यावर एका आठवड्यात जेवढे कुजते, तेवढे कुजायला जमिनीखाली आठ आठवडे लागतात. म्हणजे पेतारचे दहा आठवडे उघड्यावरच्या जेमतेम नऊ दिवसांएवढे. पोटात वायू साठून देह फुगतो, म्हणून तो ‘पोसलेला’ दिसतो. तोच दाब फुप्फुसांतला लालसर द्रव नाका-तोंडातून बाहेर ढकलतो. गोठलेले रक्त पुन्हा पातळ होऊ शकते. कातडीचा वरचा पापुद्रा नखांसकट सुटतो, खालचा थर कोवळा वाटतो. कातडी आकसल्याने दाढी वाढल्यासारखी दिसते. खुंट मारताच प्रेत कण्हल्याचेही अशा नोंदींत आढळते. छाती दबून वायू कंठातून निसटला की आवाज होणारच.

१७५५ मध्ये ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपले वैद्य व्हान स्वीटन यांच्या अहवालावरून अशी उकराउकरी आणि प्रेते जाळणे बंद केले. तरीही अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमध्ये १८९२ साली, जर्मन शास्त्रज्ञ कॉखने क्षयाचा जंतू शोधल्यानंतर दहा वर्षांनी, क्षयाने गेलेल्या मर्सी ब्राऊनचे काळीज जाळून ती राख तिच्या आजारी भावाला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला.

आपल्या पुरवणीत यापुढे व्हॅम्पायरला ‘व्हॅम्पायर’च म्हणावे, ही विनंती.

— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर